वर्षानुवर्षं चालू असलेली ट्रॅमाडॉलची गोळी कमी कशी करायची

तालुक्याच्या गावात नवीन प्रॅक्टिस सुरू केलेल्या एका डॉक्टरांनी विचारलंय, थोडक्यात सांगतो. साठीच्या एक बाई, दोन्ही गुडघे झिजलेले, चार वर्षांपूर्वी कुणीतरी ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलची गोळी सुरू केली, दिवसाला दोन होत्या त्या आता आठ झाल्यात, कागद जुनाच आहे आणि मेडिकलवाला देतोय. डॉक्टरांनी गोळी एकदम बंद केली, तिसऱ्या दिवशी मुलगा त्यांना घेऊन आला, घाम, जुलाब, दोन रात्री झोप नाही, अंगात करंट मारल्यासारखं होतंय आणि बाई म्हणतायत मला वेड लागतंय. आता काय करायचं, किती वेगाने कमी करायचं, हे आपल्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरने करायचं की थेट सायकियाट्रिस्टकडे पाठवायचं, आणि मेडिकलवाल्याचं काय.

डॉक्टर, सगळ्यात आधी आजचं बघा. गोळी आजच परत सुरू करा. आठऐवजी सहावर सुरू करा, सकाळी दोन, दुपारी एक, संध्याकाळी एक, रात्री दोन, कारण तीन दिवसांच्या गॅपनंतर एकदम पूर्ण डोसवर जायची गरज सहसा पडत नाही आणि थोडं खाली राहिलेलं सेफ आहे. ओआरएस द्या, बीपी बघा, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि सोडियम करून घ्या, डायबेटिस असेल तर शुगर पण, कारण ट्रॅमाडॉलने सोडियम आणि शुगर दोन्ही उतरू शकतात आणि वयस्कर बायकांमध्ये ते चक्कर, अशक्तपणा म्हणून निघून जातं, कुणी तपासतच नाही. क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनीच्या गाळण्याचा वेग, 30 च्या खाली असेल तर सहा पण जास्त होतात, मग दर बारा तासांनी दोन यापलीकडे जायचं नाही. पुढचे तीन दिवस रोज एक फोन करा. आणि मुलासमोर बाईंना स्पष्ट सांगा की तुम्हाला वेड लागलेलं नाही, गोळी एकदम थांबल्यामुळे हे झालंय आणि ते उतरणार आहे. हे वाक्य औषधाइतकंच महत्त्वाचं आहे, त्या दोन रात्रींत ती बाई काय भीतीतून गेली असेल याची आपल्याला कल्पना नसते.

करंट आणि वेड लागल्यासारखं का झालं तेही समजून घ्या, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ट्रॅमाडॉल नुसतं ओपिऑइड, म्हणजे अफू-मॉर्फिनच्या जातीचं वेदनाशामक नाही, ते मेंदूतल्या सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनालिनवर पण काम करतं, म्हणजे बाई चार वर्षं एक वेदनाशामक आणि एक डिप्रेशनच्या गोळीसारखं औषध एकत्र घेत होत्या. एकदम बंद झालं की दोन्हींचं विड्रॉल, म्हणजे सवयीचं औषध थांबल्यावरचा त्रास, येतं. ओपिऑइडचं नेहमीचं, जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, पोटात मुरडा, पाय स्थिर न राहणं, आणि त्याच्यावर काही जणांना हे दुसरं, छातीत धडधड, भीती, हातापायांत करंट, क्वचित भास पण. सुरुवात साधारण एका दिवसात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात वाईट, आठवडा-दहा दिवसांत बरंचसं उतरतं, झोप मात्र कित्येक आठवडे बिघडलेली राहू शकते. ही बाजू माहीत नसली की अशा पेशंटवर मानसिक आजाराचा शिक्का बसतो आणि भीती-झोपेसाठीचं अल्प्राझोलाम सुरू होतं, मग एकाच्या जागी दोन गोळ्या सुटत नाहीत.

आता वेग. आठ गोळ्या म्हणजे 300 मिलिग्रॅम ट्रॅमाडॉल आणि 2600 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, त्या गोळीची दिवसाची कमाल मर्यादाच आठ आहे, आणि अमेरिकेच्या सीडीसीच्या (तिथली सरकारी आरोग्य संस्था) 2022 च्या गाइडलाइनच्या हिशोबाने 0.2 ने गुणलं तर ते रोजच्या 60 मिलिग्रॅम मॉर्फिनइतकं होतं. गुडघ्याची साधी गोळी घेतेय असं समजणाऱ्या घरच्यांना हा आकडा सांगा, घाबरवायला नाही, पण बाई ढोंग करत नाहीयेत हे त्यांना कळावं म्हणून. त्याच गाइडलाइनमध्ये वर्षापेक्षा जास्त घेणाऱ्यांसाठी महिन्याला 10 टक्के किंवा त्याहून सावकाश असं म्हटलंय. आठच्या 10 टक्के म्हणजे पाऊण गोळी, पाऊण काही मोडता येत नाही, म्हणून मी अशा पेशंटला दर चार आठवड्यांनी अर्धी गोळी कमी करतो. सहावरून शून्यापर्यंत अर्ध्या-अर्ध्याने म्हणजे जवळपास एक वर्ष. ऐकायला खूप वाटतं, पण चार वर्षं चाललेली गोष्ट आहे, आणि बाई तुमच्याच गावातल्या आहेत, कुठे जाणार नाहीयेत. कुणाला वरच्या टप्प्यावर महिन्याला एक गोळी आरामात झेपते, त्यांना तसं करू द्या, पण दोन गोळ्यांवर आल्यावर मात्र अर्धीच, कारण दोनातली एक गेली म्हणजे डोस निम्मा झाला, शरीर टक्केवारीच्या हिशोबाने चालतं, गोळ्यांच्या नाही. शेवटची अर्धी गोळी कधीकधी दोन महिने चालते, चालू द्या. एक लक्षात ठेवा, एसआर किंवा ईआर लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी मोडायची नाही आणि चावायची नाही, सगळं औषध एकदम सुटतं. पेशंट एसआरवर असेल तर आधी साध्या गोळीवर आणा, तेवढ्याच एकूण मिलिग्रॅममध्ये, मग कमी करायला घ्या.

कुठला डोस आधी काढायचा ते पेशंटलाच विचारा. बहुतेक जण दुपारचा सोडायला तयार होतात, रात्रीचा सगळ्यात शेवटी. 'दुखलं की घ्या' हे पूर्ण बंद करा, घड्याळ बघून घ्यायची, दुखो न दुखो. यामागे कारण आहे. पहाटे पाच वाजता जे सगळं अंग ठणकतं ना, त्यातलं बरंचसं गुडघ्याचं नसतंच, रात्रीचा डोस उतरल्याचं असतं, गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासात जातं आणि पेशंटची खात्री पटते की या गोळीशिवाय माझं भागत नाही. हे मी प्रत्येकाला कागदावर रेघ काढून दाखवतो, डोस चढतो कसा, उतरतो कसा, आणि मग विचारतो तुमचं दुखणं नेमकं कधी वाढतं. कित्येक जण स्वतःच सांगतात, गोळीची वेळ झाली की. तिथून पुढे काम सोपं होतं. शिवाय दीर्घकाळ ओपिऑइड घेतल्याने काही जणांची दुखण्याची संवेदनाच वाढलेली असते, म्हणजे डोस वाढवत जातात आणि दुखणं पण वाढत जातं, असे पेशंट डोस कमी झाल्यावर बरे झालेले मी पाहिलेत. प्रत्येक वेळी कमी केल्यावर पहिला एक-दीड आठवडा दुखणं वाढणार हे आधीच सांगून ठेवा, तारखेसकट, कॅलेंडरवर खूण करून. सांगून ठेवलेलं दुखणं माणूस सोसतो, अचानक आलेल्याने घाबरतो.

कमी करायचा महिना पण विचारून ठरवा. सुगीत नको, ऊसतोडीच्या हंगामात मजुराची गोळी कमी करायला जाऊ नका, घरात लग्न आहे, मुलीचं बाळंतपण आहे, तो महिना सोडा. आषाढीच्या वारीला जाणाऱ्या मावशी असतील तर वारीच्या आधी दीड महिना आहे तोच डोस, आल्यावर बघू. थांबणं म्हणजे हार नाही, मागे मात्र शक्यतो जायचं नाही, एका पायरीवर दोन-तीन महिने थांबलं तरी चालेल. अमेरिकेत सीडीसीच्या 2016 च्या गाइडलाइननंतर डॉक्टरांनी, इन्शुरन्सवाल्यांनी घाईघाईने लोकांचे डोस कापले, त्यातून आत्महत्या आणि तीव्र विड्रॉल इतके समोर आले की एप्रिल 2019 मध्ये एफडीएला (तिथलं औषध नियंत्रण खातं) एकदम बंद करू नका अशी वॉर्निंग काढावी लागली, आणि 2021 च्या एका मोठ्या अभ्यासात डोस कमी केलेल्यांमध्ये ओव्हरडोस आणि मानसिक क्रायसिसचं प्रमाण जास्त दिसलं, वेग जास्त तिथे धोकाही जास्त. उलट ब्रिटनमध्ये 608 लोकांवर एक ट्रायल झाली, 2023 मध्ये छापून आली, त्यात लोकांना गटात बसवून दुखण्याबद्दल शिकवलं, नर्सने एकेकाशी बोलून सावकाश डोस उतरवला, वर्षभराने 29 टक्के लोकांची ओपिऑइड पूर्ण बंद झाली, नेहमीच्या पद्धतीच्या गटात फक्त 7 टक्के, आणि दुखण्यामुळे रोजच्या कामात येणारी अडचण दोन्ही गटांत सारखीच. म्हणजे गोळी गेली तरी माणूस अडून बसला नाही. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण यात कुठलंही महागडं औषध नव्हतं, वेळ आणि बोलणं होतं, आणि ते फॅमिली डॉक्टरकडेच असतं.

पण गोळी काढताना तिच्या जागी काहीतरी द्यावं लागतं, नुसती काढून चालत नाही. त्या कॉम्बिनेशनमधून ट्रॅमाडॉलबरोबर पॅरासिटामॉल पण कमी होत जातं हे आपण विसरतो, म्हणून काढलेल्या गोळीच्या जागी साधी पॅरासिटामॉल 500 द्या, दोन्हीतलं मिळून दिवसाला 3 ग्रॅमच्या आत, दारू किंवा लिव्हरचा त्रास असेल तर 2 ग्रॅमच्या आत. डायक्लोफेनॅकचं जेल गुडघ्याला खरंच उपयोगी आहे, दिवसातून तीन-चार वेळा नीट चोळून, कुठेतरी एकदा लावून नाही. डायक्लोफेनॅकच्या गोळ्या साठीनंतर रोज नकोत, किडनी, बीपी आणि अल्सर बघा. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, खुर्चीवर बसून पाय सरळ करून दहापर्यंत मोजायचं, हे सांगून सोडू नका, तुमच्यासमोर करून घ्या आणि पुढच्या वेळी परत करून दाखवायला सांगा. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, बहुतेक लोक चुकीच्या हातात धरतात. खाली बसायचं टाळायला कमोडची खुर्ची. वजन पाच-सहा किलो उतरलं तरी गुडघ्याला फरक पडतो. आणि गुडघा पूर्ण गेलेला असेल तर ऑर्थोपेडिककडे ऑपरेशनचा विषय काढा, कारण काही पेशंट ऑपरेशन टाळायला म्हणूनच चार-चार वर्षं गोळी खात असतात आणि त्यांच्याशी त्याबद्दल कुणी शांतपणे बोललेलं नसतं.

ड्युलॉक्सेटीनबद्दल वेगळं सांगतो कारण इथे गडबड होते. ही मुळात डिप्रेशनची गोळी, दीर्घकाळच्या गुडघेदुखीला पण ते चांगलं औषध आहे, पण ट्रॅमाडॉल चालू असताना वरून सुरू केलं तर दोन अडचणी. एक सेरोटोनिन सिंड्रोमची, थरथर, ताप, अस्वस्थपणा, आणि झटक्यांचा धोका पण वाढतो. दुसरी कमी माहीत असलेली, ट्रॅमाडॉल लिव्हरमध्ये ज्या एन्झाइमने खऱ्या ओपिऑइडमध्ये बदलतं ते सीवायपी2डी6 ड्युलॉक्सेटीन अडवतं, त्यामुळे गोळ्या तेवढ्याच असूनही पेशंटला विड्रॉल आल्यासारखं होऊ शकतं आणि दुखणं पण वाढतं. फ्लुओक्सेटीन आणि पॅरोक्सेटीन या डिप्रेशनच्या गोळ्या तर याहून जास्त अडवतात. म्हणून डिप्रेशनची गोळी दुसऱ्या कुणाकडून चालू आहे का हे पहिल्याच दिवशी विचारा, आणि ड्युलॉक्सेटीन द्यायचंच असेल तर ट्रॅमाडॉल जवळजवळ संपत आल्यावर, कमी डोसने.

विचारायच्या बाकीच्या गोष्टी. झोपेची गोळी, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम. प्रीगॅबालिन, नसांच्या दुखण्याचं औषध, आजकाल कंबर-मानेच्या प्रत्येक कॉम्बिनेशनमध्ये असतं. दारू. यातलं काहीही ओपिऑइडबरोबर असेल तर श्वास मंदावण्याचा धोका वाढतो, आणि दोन गोळ्या एकाच वेळी कमी करायला घ्यायच्या नाहीत, आधी एक, ती स्थिर झाली की दुसरी. अल्प्राझोलाम तर कधीच एकदम थांबवू नका, झटके येऊ शकतात. फिट्सचा इतिहास विचारा. सांधेदुखीची पुडी विचारा, कारण ट्रॅमाडॉल कमी झालं की लोक हळूच तिकडे वळतात आणि तसल्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडतं, चेहरा सुजायला लागला, शुगर चढली तर तिथे बघा.

आणि ती गोळी नेमकी कशासाठी घेता हे पण विचारा, दुखण्यापलीकडे. कित्येक बायका सांगतात की गोळी घेतली की अंगात तरतरी येते, घरचं आवरून होतं, मन जरा हलकं वाटतं. ट्रकवाले, हमाल, तोडणी कामगार हेच सांगतात, दुखत नसतानाही घेतात कारण काम ओढायचं असतं. अशा माणसाची गोळी कमी केली आणि मनावरचं ओझं तसंच राहिलं तर तो परत घेणार, म्हणून दोन प्रश्न नेहमी विचारा, गेल्या दोन आठवड्यांत मन उदास असतं का, कशात रस वाटत नाही असं होतं का, आणि उत्तर हो असेल तर जीव नकोसा वाटतो का हे सरळ विचारा. विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार येत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाले तर त्या दिवशी गोळीचा विषय बाजूला ठेवा, घरातली कीटकनाशकं आणि गोळ्यांचा साठा घरच्यांच्या ताब्यात द्यायला सांगा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर लिहून द्या आणि सायकियाट्रिस्टशी स्वतः फोनवर बोला.

मध्ये विड्रॉल त्रासदायक झालं तर थोड्या दिवसांसाठी क्लोनिडीन (बीपी उतरवणारं औषध) 100 मायक्रोग्रॅम दोन-तीन वेळा चालतं, पण आधी उभं राहून बीपी बघा, वरचं 100 च्या खाली असेल तर देऊ नका. जुलाबाला लोपेरामाइड. झोपेसाठी झोलपिडेम लिहू नका, आपण एक गोळी काढतोय. आणि एवढं सगळं द्यावं लागत असेल तर बहुतेक वेळा आपला वेगच जास्त असतो, मागच्या पायरीवर एक महिना थांबा.

पाठवायचं कुणाला? तुमच्या बाईंना नाही. पेशंट दिवसाला वीस-पंचवीस गोळ्या घेत असेल, इंजेक्शनने घेत असेल, पावडर किंवा ब्राऊन शुगर पण असेल, गोळीपायी पैसे उधार घेतोय, कामावर जात नाही, कमी करायचं ठरवूनही पुन्हा पुन्हा सुटत नाही, तर ते सावकाश कमी करून होणारं काम नाही, त्याला ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे ओपिऑइडच्या व्यसनावर दिलं जाणारं पर्यायी औषध, लागू शकतं आणि ते तुम्ही-आम्ही लिहून कुठल्याही मेडिकलमध्ये मिळत नाही, जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, सरकारी ओएसटी (ओपिऑइडऐवजी पर्यायी औषध देणारं) केंद्र किंवा मान्यताप्राप्त व्यसनमुक्ती केंद्र यांच्याकडेच. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून आहे. गरोदर बाई असेल तर अजिबात हात घालू नका, लगेच पाठवा. पण डॉक्टरने दिलेली गोळी सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्या माणसाला विड्रॉल आलं एवढ्यावरून त्याला व्यसनी ठरवू नका, डीएसएम-5 या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात सुद्धा अशा वेळी टॉलरन्स (तोच परिणाम मिळायला डोस वाढवावा लागणं) आणि विड्रॉल हे दोन निकष धरत नाहीत. घरच्यांना हे समजावून सांगा. सुनेने, मुलाने टोमणे मारले की बाई लपवून घ्यायला लागतात आणि मग तुमचा हिशोबच चुकतो.

कॅन्सरच्या पेशंटला यातलं काहीही लागू नाही. त्यांना आपल्या देशात मॉर्फिन मिळत नाही हे दुःख आधीच मोठं आहे, 2014 मध्ये कायदा सुधारला तरी तालुक्याच्या गावात अजून मिळणं अवघड, त्यांचा डोस कमी करायला जाऊ नका, उलट पॅलिएटिव्ह केअरवाल्यांशी जोडून द्या.

घरच्यांना एक गोष्ट बजावून सांगा. चार-पाच महिन्यांनी डोस तीनवर आला आणि एखाद्या रात्री फार दुखलं म्हणून जुन्यासारख्या चार-पाच गोळ्या एकदम घेतल्या तर आता शरीराला ती सवय राहिलेली नाही, गुंगी येऊन श्वास मंदावू शकतो, वयस्कर माणसात जास्तच. म्हणून घरात जुन्या स्ट्रिप ठेवायच्या नाहीत. मी आठवड्याची पाकिटं करून द्यायला सांगतो, मुलाने रविवारी भरायची, कपाटात कुलपात, नातवंडांच्या हाताला लागणार नाहीत अशी.

सगळ्यांची शून्यावर येत नाही. कुणी दोन गोळ्यांवर थांबतं, झोप चांगली, बद्धकोष्ठता गेली, चक्कर गेली, देवळापर्यंत चालत जातात, आणि त्याखाली काही केल्या उतरत नाही. सहा महिने प्रयत्न करून झाला असेल तर तिथेच राहू द्या, दर तीन महिन्यांनी बघत राहा, दर वेळी एकदा विचारा की आता अर्धी कमी करून बघायची का. नाही म्हणाले तर नाही.

राहिला मेडिकलवाला. त्याच्याशी भांडायला जाऊ नका, चहा घ्यायला जा. ट्रॅमाडॉल 2014 पासून शेड्यूल एच1 मध्ये आहे, म्हणजे प्रिस्क्रिप्शन बघून, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव आणि किती दिल्या हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून द्यायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं, आणि एप्रिल 2018 पासून ते एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली पण आलंय, हे त्याला बहुतेक माहीत असतं, जुन्या गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही एवढंच. त्याला सांगा की या बाईंच्या गोळ्या मी कमी करतोय, दर चौदा दिवसांनी माझा ताजा कागद येईल, त्यावर जेवढ्या लिहिल्यात तेवढ्याच द्या, आणि मध्येच मागायला आल्या तर नाही म्हणण्याआधी मला फोन करा. त्याने एकदम नाही म्हटलं तर बाई शेजारच्या गावच्या मेडिकलमध्ये जातील आणि मग आपल्याला काहीच कळणार नाही. कागदावर गोळ्यांची संख्या अक्षरात पण लिहा, पुढची तारीख लिहा, आणि 'कंटिन्यू' असं कधीच लिहू नका, त्या एका शब्दावर लोक चार वर्षं गोळ्या घेत राहतात. बाईंना आधी दाखवलेल्या ऑर्थोपेडिकला पण दोन ओळींची चिठ्ठी पाठवा की डोस उतरवतोय, म्हणजे तिकडून परत आठ लिहून येणार नाहीत.